'एक्स'चा 'पी' झाला का?

सेकंड इयरला असताना एनएसएसतर्फे आम्ही पल्स पोलिओच्या कामाला गेलो होतो. (खरं सांगायचं तर मशीन ड्रॉइंगच्या शीट्स टाळायच्या होत्या!) आदल्या दिवशी वस्तीत दीडशे पोस्टर्स लावली, रिक्षातून माईकवर घसा फोडला आणि रिपोर्ट लिहिला : 'जनजागृती यशस्वी'. बूथवरच्या अंगणवाडीच्या ताईंनी तो वाचला आणि विचारलं, "पोस्टरं किती लावली ते कळलं रे. पोरं किती आली?" व्हायवात बसते तशी दातखीळ बसली!

प्रचाराचा उपयोग झाला की नाही, हे मोजायचं कसं? पोस्टर हा झाला इनपुट. नुसता इनपुट मोजून कुणी मशीनची एफिशियन्सी काढतं का?

मग तुम्ही म्हणाल, पेशंट किती कमी झाले ते बघा. तेही फसवं आहे. अमिताभ बच्चनमुळे 'दो बूँद जिंदगी की' घरोघरी पाठ झालं होतं, तरी २००९ साली भारतात पोलिओच्या ७४१ केसेस झाल्या. २०१० मध्ये त्या ४२ वर आल्या. श्रेय प्रचाराचं? पण त्याच वर्षी जानेवारीत टाइप १ आणि टाइप ३ अशा दोन्ही विषाणूंवर चालणारी नवी लस आली होती. दोन व्हेरिएबल्स एकदम बदलले, की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही, हे आपण लॅबमध्ये शिकतोच.

म्हणजे मोजायचं ते या दोन टोकांच्या मधे. पोलिओवाल्यांनी ते खडूने मोजलं! टीम घरोघर जाते. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला, की भिंतीवर 'पी'. एक जरी राहिलं तरी 'एक्स'. उत्तर प्रदेशात युनिसेफच्या मदतीने उभ्या राहिलेल्या सोशल मोबिलायझेशन नेटवर्कमधल्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या बायका या 'एक्स' घरी परत जायच्या. किती 'एक्स'चे 'पी' झाले, हा त्यांच्या कामाचा आकडा.

पण सगळे 'एक्स' सारखे नसतात. घराला कुलूप असेल, तर चूक वेळेची. तिथे बोलून काय होणार? "पोराला ताप आहे", "परवाच तर दिला", "या लशीने पुढे मुलं होत नाहीत म्हणे" हे मात्र संवादाचं काम. म्हणून 'एक्स'चं कारणही लिहून ठेवायचं. नाहीतर टाइमटेबलची चूक पोस्टरच्या माथी!

आणखी दोन खाचखळगे. एक, खडू कुणाच्याही हातात असतो. म्हणून वेगळी माणसं येऊन मुलांच्या डाव्या करंगळीवरची शाई तपासतात. दोन, या बायका मुद्दाम अवघड वस्त्यांतच नेमलेल्या. त्यांचे टक्के सोप्या वस्तीशी ताडून पाहणं म्हणजे केटीवाल्याची टॉपरशी तुलना. तीच वस्ती आधी कशी होती आणि नंतर कशी झाली, ते बघायचं.

भारतातली वाइल्ड पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात लस, स्वच्छता, पैसा सगळ्यांचा वाटा होता. संवादाचा वाटा त्या खडूच्या खुणांमध्ये सापडतो.

आमच्या वस्तीतही एक 'एक्स' होता. आजीबाई नातवाला बाहेरच आणेनात. ताई तिसऱ्यांदा गेल्या, ओट्यावर बसल्या, आधी आजींच्या गुडघ्याची चौकशी केली. अर्ध्या तासाने नातू बाहेर आला. 'एक्स' पुसून 'पी' लिहिताना माझं लक्ष गेलं... शेजारीच आमचं पोस्टर होतं. दोन दिवस तिथेच होतं बिचारं!