कॅमेरा घेऊन मंगळावर राहायला

हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर एक पांढरा घुमट आहे, साधारण अकरा मीटर व्यासाचा. २८ ऑगस्ट २०१५ ला सहा जण त्यात राहायला गेले आणि बरोबर एक वर्षाने बाहेर आले. अंगणात पाऊल टाकायचं तरी स्पेससूट चढवायचा. घरी पाठवलेला निरोप वीस मिनिटांनी पोचणार, उत्तर यायला पुन्हा वीस मिनिटं. हाय-सीज नावाचा हा प्रयोग हवाई विद्यापीठाने नासाच्या निधीतून चालवला. रॉकेट उडतं की नाही हा तिथला प्रश्न नव्हताच. सहा माणसं एका घरात वर्षभर एकमेकांना सहन करतात का, एवढंच पाहायचं होतं. (आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना याचं फार नवल वाटणार नाही म्हणा!)

लॉरेन डिफिलिपो आणि कॅथरीन गॉरिंज या दोन दिग्दर्शिकांना यावर फिल्म करायची होती. पण त्या आत गेल्या तर प्रयोगच मोडला असता. म्हणून कॅमेरे आतल्या सहा जणांच्याच हातात गेले. २०२० मध्ये 'रेड हेवन' हा माहितीपट आला. त्या सहांमधली क्रिस्टियाने हाइनिके पुढे जर्मनीत ब्रेमेनच्या संशोधन संस्थेत गेली आणि तिथे चंद्र-मंगळासाठीच्या निवासाचा नमुना उभारायच्या कामाला लागली. त्यांच्यातलाच ट्रिस्टन बासिंगथ्वेट तर आर्किटेक्चरमध्ये डॉक्टरेट करत होता.

हे सगळं मी शोधत बसलो त्याला कारण माझी भाची. आदिलाबादला इंटर सेकंड इयर, एमपीसी. तिने घरात जाहीर केलं, "मला स्पेसवर फिल्म्स करायच्या आहेत, आणि तिथली घरं कशी असतील तेही शिकायचंय." भाऊजींचं कापसाचं काम. सगळं भावावर आणि पावसावर. त्यांचा ताईला एकच प्रश्न: "हे करून पोट भरतं का?" मग ताईचा मला फोन, कारण घरात बीई झालेला मीच. मी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या वेळी एमसेटचा रँक आला की पुढचं सगळं आपोआप ठरायचं, असं कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

भाऊजींचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटत नाही. पण 'फिल्म की सायन्स' अशी जी वाटणी आपण करतो, ती मला पटत नाही. आपल्याच माणसांनी ती पन्नास वर्षांपूर्वी मोडली होती.

कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे विक्रम साराभाईंचे जुने सहकारी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही नेला. त्या 'साइट' प्रयोगाची मोठी जबाबदारी चिटणीसांवर होती. आपलं त्या वेळचं आंध्र प्रदेश त्या सहा राज्यांत होतं, महाराष्ट्र मात्र नव्हता. गावात तीन मीटरची जाळीची छत्री, खाली एक टीव्ही आणि समोर अख्खं गाव. दिवसाला चार तास कार्यक्रम, त्यात सकाळचे शाळेतल्या मुलांसाठी. मुलांच्या विज्ञानाचे काही कार्यक्रम इस्रोनेच तयार केले. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, लोक काय बघतात आणि त्यातून काय बदलतं हे पाहायला काही अभ्यासक गावातच मुक्कामाला राहिले. म्हणजे रॉकेटवाले, कॅमेरावाले आणि माणसांचा अभ्यास करणारे, सगळे एकाच कामावर. हाय-सीजमध्ये वेगळं काय झालं?

पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ केले, मराठीतही. तेही बघा. दोन-तीन मिनिटांत एक कल्पना कशी दाखवायची, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं मला तरी कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं.

बंद घर किती अवघड असतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण ॲरिझोनातलं. बायोस्फिअर-२ या काचेच्या प्रचंड घरात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ जण राहिले. हवा, पाणी, शेती सगळं आत. काही महिन्यांतच ऑक्सिजन कमी होऊ लागला. २१ टक्क्यांवरून तो १४-१५ टक्क्यांपर्यंत उतरला. जिने चढतानाही धाप लागायची. खतावलेल्या मातीतले जीवजंतू ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते हे उघड होतं, पण मग तो वायू हवेत का वाढत नव्हता? शेवटी गुन्हेगार सापडला तो भिंतींमध्ये. नवं काँक्रीट तो शोषून घेत होतं! १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. आतले डॉक्टर रॉय वॉलफर्ड या काळात चित्रीकरण करत होते. ती दृश्यं २०२० च्या 'स्पेसशिप अर्थ' या माहितीपटात दिसतात.

भारतात हे काम आता लडाखमध्ये सुरू झालंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रो, आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून निवासाची पहिली मोहीम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्सो कार तलावाजवळ, साडेचार हजार मीटर उंचीवर, 'होप' नावाच्या तळावर दोन जण दहा दिवस राहिले. आपलं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारायचं आहे. भाचीचा हिशेब केला तर तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीसची असेल.

आता भाऊजींच्या प्रश्नाकडे. पुण्याच्या एफटीआयआयच्या मुख्य फिल्म कोर्सेसना आधी पदवी लागते, कुठल्याही विषयाची. म्हणजे आत्ता इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर केलं तर फिल्मचं दार बंद होत नाही, उलट तीच पायरी आहे. अमेरिकेत मोंटाना स्टेट विद्यापीठात विज्ञान आणि निसर्गावरच्या फिल्म्सचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. ह्यूस्टन विद्यापीठात स्पेस आर्किटेक्चरची मास्टर्स आहे. बारावीनंतर लगेच डिझाइनकडे वळायचं असेल तर अहमदाबादची एनआयडी. परदेशातला खर्च मोठा आहे, ते मी भाऊजींपासून लपवलं नाही. आणि 'स्पेस फिल्ममेकर' अशी जाहिरात पेपरात येत नाही, हेही सांगितलं. अशा माणसाला बहुतेक वेळा पगार कशाचा तरी वेगळ्याचा मिळतो, आर्किटेक्टचा, संशोधकाचा, शिक्षकाचा. मला त्यात काही वावगं वाटत नाही. भाऊजींना अजून वाटतं.

तूर्त ठरलंय ते असं: ईएपीसेट तर द्यायचीच, पण जोडीला आर्किटेक्चरसाठी नाटाही. गणित आहेच. आणि परीक्षा संपल्यावर मे महिन्याच्या उन्हात आजीचं मातीचं घर आणि ताईचा स्लॅबचा बंगला, दोन्हींत थर्मामीटर ठेवून दिवसभर दर तासाला तापमान टिपायचं आणि त्याची दहा मिनिटांची फिल्म करायची. मोबाइल तिचा, ट्रायपॉड मी देणार. भाऊजी म्हणाले, "थर्मामीटर मी आणतो."