लिलावातली वाढीव पाच मिनिटं

कर्ज थकलं की बँक तारण घर सरफेसी कायद्याखाली विकायला काढते. त्याच्या ई-लिलावाची नोटीस तुम्ही पेपरात पाहिली असेल. राखीव किंमत, इसारा अनामत रक्कम, आणि वेळेपुढे बऱ्याचदा एक ओळ : ‘प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद विस्तारासह’. आज एवढ्या एका ओळीबद्दलच बोलूया.

समजा, वेळ आहे ११ ते १. कुणी १२ वाजून ४० मिनिटांनी बोली लावली, तर काही बदलत नाही. पण शेवटच्या पाच मिनिटांत, म्हणजे १२:५८ ला बोली आली, तर लिलाव १:०३ पर्यंत लांबतो. १:०१ ला दुसऱ्यानं वाढवली, की १:०६. सलग पाच मिनिटं कुणीच वाढवलं नाही, की संपला. काही ठिकाणी ही पाच मिनिटं शेवटच्या बोलीपासून मोजत नाहीत, ठरलेल्या वेळेत मिळवतात. त्यामुळे अटींचा कागद आधी वाचायचाच.

हे नवीन नाही हो. समोरासमोरच्या लिलावात ‘एक वार, दोन वार’ म्हणताना कुणी हात वर केला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. इथे ते काम सर्व्हर करतो, एवढंच.

मग ही सोय नसली तर काय होतं? ईबेवर लिलावाची वेळ पक्की असते. त्यामुळे बरेच जण गप्प बसून शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही. याला ‘स्नायपिंग’ म्हणतात. ॲमेझॉनचे पूर्वी लिलाव असत, त्यात शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांत गेल्याशिवाय लिलाव बंद व्हायचा नाही. आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स यांनी दोन्हींची तुलना करून २००२ साली निबंध लिहिला. शेवटच्या क्षणीच्या बोली ईबेवर कितीतरी जास्त दिसल्या. माणसं तशीच, घड्याळाचा नियम तेवढा वेगळा.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. हा विस्तार फक्त बोली लावणाऱ्यांसाठी नाही. ज्याचं घर विकलं जातंय, त्याच्यासाठीही आहे. थकबाकी आणि खर्च वळता करून उरलेली रक्कम कायद्यानं हक्कदाराला, म्हणजे बहुतेक वेळा त्या कर्जदारालाच, परत मिळते. कमी पडली, तर उरलेलं कर्ज त्याच्याच डोक्यावर. म्हणून भाव घड्याळानं थांबवू नये, माणसांनी थांबवावा.

बोली लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, आपला शेवटचा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहा. लिलाव लांबत गेला की ‘अजून पंचवीस हजारच तर’ असं दहा वेळा होतं, आणि अडीच लाख चढतात. जिंकलात तर इसारा धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते. बाकीची साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. नाही भरली, तर भरलेले पैसे जप्त. दोन, वेळ सर्व्हरची धरतात, आपल्या मोबाइलची नाही. शेवटच्या सेकंदावर विसंबू नका. विस्तार असेल तर तशी गरजही नाही.