दिवाळीनंतर कुठे असता?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत बातमी पोचली असेलच. वेडेवाकडे दात सरळ करणारे आपले जुने डॉक्टर गेले. वय नव्वदीच्या पुढे होते. नाव मुद्दामच देत नाही. डॉक्टरचे नाव वर्तमानपत्रात छापून येणे म्हणजे जाहिरात, असे ते म्हणत. माझ्या या सदरावर त्यांचा तेवढा एक आक्षेप कायम होता.

आमची ओळख झाली ती मी पेशंट असताना. सात वर्षांचा असताना म्हसाच्या यात्रेत, सतरंजी पसरून बसलेल्या एका दात काढणाऱ्याने माझी किडलेली दुधाची दाढ उपटली होती. ठणका थांबला, सगळे खूश! बाराव्या वर्षी मात्र वरचा सुळा हिरडीत उंचावर, ओठाला टोचत बाहेर आला. गावात म्हणत, दातावर दात म्हणजे भाग्य. १९७६ साली वडील मला एसटीने किन्हवलीमार्गे शहापूरला घेऊन गेले.

"दुधाची दाढ तशीही पडणारच होती ना, डॉक्टर?" वडिलांनी विचारले.

"काका, एसटीतून पाणी प्यायला उतरताना तुम्ही जागेवर रुमाल ठेवता की नाही? दुधाची दाढ म्हणजे तो रुमाल. तुम्ही रुमालच उचललात. शेजारचा सरकून बसला, आता मागून येणारा उभा राहणार."

इतके सोपे उत्तर मला पुढे दंतवैद्यकाच्या एकाही पुस्तकात सापडले नाही. सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ दुधाच्या दाढेमागे उगवते. पुढची जागा वेळेआधी रिकामी झाली, की ती पुढे सरकते आणि नंतरच्या दातांना दाटी होते. म्हणून दुधाची दाढ किडली तर आधी भरून घ्यावी. काढावीच लागली, तर जागा राखणारी पट्टी बसवता येईल का, हे दंतवैद्याला विचारावे.

इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी ही या शाखेच्या तज्ज्ञांची संस्था स्थापन झाली १९६५ साली. त्याच सुमारास डॉक्टर मुंबई सोडून शहापूरला आले. तारा लावायला येथे कोण येणार, असे लोक विचारीत. येत असत ते बहुधा लग्न ठरलेल्या मुलींचे बाप. "महिन्यावर लग्न आलंय, तेवढं दात आत घ्या." डॉक्टर सरळ नकार देत. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हलका दाब सतत राहिला, की ज्या बाजूला तो सरकतो तिथले हाड विरते आणि मागे नवे भरते. याला दीड-दोन वर्षे लागतात. घाईने जोर लावला तर दाताचे मूळच झिजू शकते. आणि दर महिन्याला दाखवायला यावे लागते. खरी अडचण तीच. म्हणून आठवड्यातला एक दिवस ते स्वतः मुरबाडला बसत. पावसाळ्यातही.

एकदा मात्र त्यांची चूक झाली. ती त्यांनी लपवली नाही, म्हणून लिहितो. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकत होतो. वाडीवरच्या एका हुशार मुलाला त्यांनी फुकट तारा बसवल्या. तीन महिने तो नेमाने आला, मग बंद. दिवाळीनंतर आईबापांबरोबर तो वीटभट्टीवर गेला होता. परतला तो पावसाच्या तोंडावर. हिरड्या सुजलेल्या, तुटलेली तार गालात रुतलेली, तारांभोवतीचे दात किडलेले. दोन दात काढावे लागले. त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. त्याची आई म्हणाली, "तुमचा काय दोष, डॉक्टर?" ते म्हणाले, "बाई, मी विचारलंच नव्हतं."

तेव्हापासून प्रत्येक केसपेपरवर नावगावाखाली एक प्रश्न आला: दिवाळीनंतर कुठे असता? घर सोडून जाणाऱ्यांना पक्क्या तारांऐवजी, जमत असेल तिथे, काढघाल करता येणारी प्लेट. नाहीतर थांबा. थांबल्याने बहुतेक वेळा फार बिघडत नाही, असे ते सांगत. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत दिसणारी फट पुष्कळदा अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे आले की आपोआप मिटते. मात्र चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणारे किंवा तोंड उघडे ठेवून झोपणारे मूल असेल, तर त्याला वेळीच दाखवा. तोंडाने श्वास घेणाऱ्याचे नाकही तपासून घ्यावे लागते.

गेल्या आठवड्यात घरच्यांबरोबर दवाखाना आवरला. कपाटात प्लॅस्टरचे साचे रांगेने होते. प्रत्येकाचे दोन, उपचारापूर्वीचा आणि नंतरचा. माझेही सापडले, १९७६ आणि १९७८. सगळ्यांत पुढे, रोज दार उघडताच दिसेल असा, एकच साचा होता. त्यावर पेन्सिलीने त्या मुलाचे नाव होते.