काळवंडलेल्या प्लगची साक्ष

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून नाणी, शिलालेख किंवा लेणी यांविषयीच्या लेखाची अपेक्षा असणार, हे आम्ही जाणून होतो. तथापि या वर्षी आमच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ज्या साधनाचे वाचन आमच्यासमोर केले, ते बोटाएवढे आणि काजळीने माखलेले होते. मोटारसायकलचा स्पार्क प्लग हे ते साधन. त्याच्या वाचनाची रीत येथे मांडावी, असे आम्हांस वाटले.

निमित्त असे घडले. वसतिगृहाच्या कामांसाठी शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पाचवीतील एका विद्यार्थ्याला जोराचा ताप भरला. त्याला मागे बसवून आम्ही किका मारीत राहिलो. गाडी फुरफुरली, पेट्रोलचा उग्र वास आला, पण इंजिन चालू झाले नाही. अखेर वस्तीतील एका रिक्षाचालक बंधूंनी झोपेतून उठून आम्हांस रुग्णालयात पोहोचविले. मुलगा बरा झाला. परंतु त्याआधीच्या दोन महिन्यांत त्या गाडीचे तीन प्लग बदलले होते. दर वेळी ‘प्लग खराब झाला’ एवढेच आम्हांस सांगण्यात आले, आणि दर वेळी आम्ही ते मान्य केले. प्लग का खराब होतो, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. इतिहास शिकविणाऱ्यास ही चूक शोभणारी नव्हती.

भारतात 1985 साली हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100 या मोटारसायकली बाजारात आल्या. पहिली चार-स्ट्रोक, दुसरी टू-स्ट्रोक. 1 एप्रिल 2020 पासून ‘भारत स्टेज 6’ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार होऊन इंधन फवारणीची यंत्रणा आली. तरीही घाटकोपर, साकीनाका, अंधेरी, मुलुंड या भागांत कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांवर आजही अनेकांची रोजीरोटी चालते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी अशीच गाडी आहे. ती एक दिवस बंद राहिली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

आता प्लगचे कार्य पाहू. प्लगच्या मध्यभागी एक विद्युतअग्र असते, त्याभोवती पांढऱ्या चिनी मातीचे विद्युतरोधक आवरण असते आणि बाहेरच्या धातूच्या कवचाला वाकविलेले दुसरे अग्र जोडलेले असते. या दोन अग्रांमध्ये मिलिमीटरहून थोडी कमी फट असते. कॉईलमधून येणारा हजारो व्होल्टचा दाब ही फट ओलांडतो, ठिणगी पडते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 50 वेळा मिश्रण पेटवावे लागते. चिनी मातीवर काजळी साचली की तिच्यातून विजेला सोपी वाट मिळते. वीज फट न ओलांडताच कवचात उतरते आणि ठिणगी क्षीण होते किंवा पडतच नाही.

प्लगला स्वतःची स्वच्छता करता येते. मात्र त्यासाठी त्याचे टोक सुमारे 450 अंश सेल्सियसच्या वर तापावे लागते. तेवढ्या उष्णतेत काजळी जळून जाते. तापमान साधारण 850 अंशांच्या पलीकडे गेले, तर मात्र मिश्रण वेळेआधीच पेटण्याचा धोका संभवतो. उपनगरांतील वाहतुकीत गाडी सिग्नलगणिक थांबते, दोन किलोमीटरवर बंद होते आणि पुन्हा चालू केली जाते. अशा वापरात प्लग पुरेसा तापत नाही. म्हणून गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर निर्वेध चालणारी गाडी अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यावर कुरकुरू लागते.

प्लग वाचावयाचा असेल, तर जागेवर धडधडत ठेवलेल्या इंजिनातून काढलेला प्लग विश्वसनीय नसतो. भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवावी. मग वेगात असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी. इंजिन निवल्यावर प्लगभोवतीची धूळ आधी झटकावी, म्हणजे माती आत पडणार नाही. त्यानंतरच प्लगपाना लावावा.

चिनी मातीचा रंग फिकट तपकिरी किंवा करडा असेल, तर ज्वलन ठीक आहे. कोरडी, बोटाला लागणारी मखमली काजळी दिसली, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग तापत नाही. काळा थर ओला आणि तेलकट असेल, तर चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजून ऑईल आत येत असावे. टू-स्ट्रोकमध्ये ऑईलचे प्रमाण तपासावे. प्लग नुसत्या पेट्रोलने भिजलेला असेल, तर इंजिनात पेट्रोल अतिरिक्त गेले आहे किंवा ठिणगीच पडत नाही. पांढराफटक, फोड आलेला प्लग निराळी सूचना देतो: मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा इंजिन अतिशय तापते आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोक पडू शकते. एक सावधगिरी मात्र हवी. देशात 1 फेब्रुवारी 2000 पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. आजच्या पेट्रोलमध्ये प्लगचा रंग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. म्हणून जुन्या पुस्तकांतील रंगचित्रे डोळे झाकून लागू करू नयेत.

रंग हा पुरावा झाला. कारण अजून शोधावयाचे असते. आमच्या गाडीच्या प्लगवर कोरडी काजळी होती. विद्यार्थ्यांनी फळ्यावर संभाव्य कारणे लिहिली: तुंबलेला एअर फिल्टर, अर्धवट बंद राहिलेला चोक, कार्ब्युरेटरमधील फ्लोटची गळकी सुई, सैल झालेला जेट, अशक्त ठिणगी, चुकीच्या उष्णता-क्रमांकाचा प्लग. शेवटच्या कारणाविषयी एवढे सांगणे आवश्यक आहे की, बॉशच्या क्रमवारीत आकडा वाढला की प्लग अधिक उष्ण, तर एनजीकेच्या क्रमवारीत आकडा वाढला की अधिक थंड. आकडे जुळवून कंपनी बदलणाऱ्याची येथे फसगत होते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम आम्ही ठरविला. प्रथम योग्य क्रमांकाचा नवा प्लग बसविला. चार दिवसांत तोही काळा पडला. म्हणजे दोष प्लगमध्ये नव्हता. मग एअर फिल्टर पाहिला; तो स्वच्छ निघाला. ठिणगी तपासताना प्लग टोपीत बसवून त्याचे कवच इंजिनाच्या धातूला घट्ट टेकविले, प्लगच्या भोकापासून दूर ठेवले आणि जवळपास पेट्रोल नाही याची खात्री केली. प्लग हाताने धरू नये. आणि तो धातूला न टेकविता किक मारल्यास ठिणगीची यंत्रणाही बिघडू शकते. ठिणगी निळी व जोरकस होती.

त्या वेळी नववीतील एक विद्यार्थी खाली वाकून म्हणाला, “सर, वरची चोकची दांडी मागे येते, पण खालची पट्टी हलतच नाही.” पावसाने चोकची केबल गंजून अडकली होती. हवेची वाट अर्धी बंद राहिल्याने इंजिन दोन महिने अतिरिक्त पेट्रोल पीत होते. केबल बदलली आणि दोष गेला. याच विद्यार्थ्याला गणवेशावर ग्रीस लावून आल्याबद्दल आम्ही वर्गात उभे केले होते, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या मामांच्या गॅरेजमध्ये काम करतो, हे आम्ही त्यानंतर विचारून घेतले.

काळा पडलेला प्लग लगेच टाकून देण्याचे कारण नाही. कार्ब्युरेटर क्लीनर आणि मऊ पितळी ब्रश यांनी तो पुसावा व पूर्ण वाळवावा. पॉलिशपेपरने घासल्यास कण आत अडकतात; गॅसच्या शेगडीवर भाजल्यास चिनी मातीला तडा जाण्याची भीती असते. फट फीलर गेजने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे ठेवावी आणि त्यासाठी बाहेरचे अग्रच वाकवावे. बसविताना प्रथम हातानेच फिरवावा. तो टेकल्यावर वॉशर असलेल्या नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. जुन्याला त्याहून बराच कमी. जास्त आवळल्यास ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

ते तीन जुने प्लग विद्यार्थ्यांनी स्वच्छ करून तपासले. त्यांतील दोन उत्तम चालतात. काळे पडले म्हणून आम्ही ज्यांना दोषी ठरविले, ते आतल्या बिघाडाची खूणच सांगत होते. वर्गात मागे पडलेल्या मुलाच्या वहीवर लाल शेरा मारण्यापूर्वी आता आमचा हात थोडा थांबतो. ते दोन प्लग आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात, नावाच्या चिठ्ठीसह ठेवले आहेत. चिठ्ठीवर त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले आहे : ‘चालू स्थितीत’.