जपानी चित्रमालिका : चित्रातले दाणे पुसू नका

या आठवड्यात डोरेमॉनवर लिहीन असं म्हटलं होतं. तो विषय पुढे ढकलतो, कारण गोळेगावच्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नाही. ते विचारतात, ‘ड्रॅगन बॉल झी’ ही जपानी मालिका ब्ल्यू-रेवर मिळत असताना लोक तिच्या जुन्या डीव्हीडी जास्त पैसे मोजून का शोधतात?

ब्ल्यू-रे ही नुसती तबकडी आहे. तिच्यात जागा जास्त, म्हणून बारकावे जास्त मावतात. पण आत काय भरायचं हे भरणाऱ्याच्या हातात असतं.

ही मालिका फुजी टीव्हीवर एप्रिल १९८९ ते जानेवारी १९९६ अशी चालली. एकूण २९१ भाग. पारदर्शक सेलवर पुढून रेघा, मागून रंग आणि वरून कॅमेरा, अशी तोएई अ‍ॅनिमेशनची पद्धत. चित्रण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर आणि चौकट त्या काळच्या टीव्हीची, चारास तीन. फिल्मला स्वतःचे दाणे असतात. चित्र स्थिर असलं तरी दाणे दर चौकटीत जागा बदलतात, म्हणून जुन्या ॲनिमेचा पडदा किंचित सळसळत राहतो. हा मळ नाही. रेघ ज्या फिल्मवर उमटली, तिचाच हा पोत आहे.

फनिमेशन या अमेरिकी कंपनीने २००७ पासून नारिंगी खोक्यांचे नऊ संच काढले. तोवर टीव्ही रुंद होऊ लागले होते, म्हणून चित्रही रुंद केलं, म्हणजे वरून-खालून छाटलं. चित्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात गेला. ज्या मालिकेत पात्राची ताकद त्याच्या केसांवरून कळते, तिथे केसांचीच टोकं कापली गेली. दुसरं नुकसान दाणे पुसण्यानं झालं. हे काम संगणक करतो. लागोपाठच्या चौकटी ताडून पाहायच्या आणि जे एकीत आहे पण दुसरीत नाही ते कचरा समजून काढायचं, अशी त्याची रीत. आता मारामारीच्या प्रसंगात प्रत्येक चौकटीतली रेघ वेगळीच असणार. मग दाण्यांबरोबर वेगाच्या रेषा विरतात, भुवईची बारीक रेघ तुटते आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात.

आता त्या जुन्या डीव्हीडींविषयी. ‘ड्रॅगन बॉक्स’ नावाचा संच जपानमध्ये २००३ साली आला. अमेरिकेत तो २००९ ते २०११ या काळात सात खोक्यांत निघाला. तबकडी साधी डीव्हीडीच, पण चौकट पूर्ण आणि दाणे जागेवर. लोक शोधतात तो हाच. २०११च्या अखेरीस फनिमेशनने ‘लेव्हल’ नावाने ब्ल्यू-रे सुरू केले. त्यात एकेक चौकट साफ केली होती आणि चित्र पूर्ण ठेवलं होतं. या मालिकेवरचं सर्वांत चांगलं काम मी त्यालाच म्हणतो. पण दोन संच, ३४ भाग, आणि खर्च झेपेना म्हणून ते बंद झालं. २०१३ पासूनच्या ब्ल्यू-रेंमध्ये छाटणी परत आली. २०१९च्या तिसाव्या वर्षाच्या संचात चौकट पुन्हा चारास तीन झाली खरी, पण दाणे इतके घासले की मला तो संच पाहवत नाही.

अति साफसफाईनं चित्राचं काय होतं, हे आपल्या सिल्लोड तालुक्याला माहीत असायला हवं. अजिंठा गाव आपलंच, घाट उतरला की लेणी. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ तिथे आणले. सुटत चाललेले रंगाचे पोपडे त्यांनी भिंतीला धरून ठेवले, हे त्यांचं मोठं काम. पण चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, लेपही दिला. तो हळूहळू पिवळा पडला, त्यावर धूळ बसली आणि पुढे पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं. हेतू चांगलाच होता. लेपाखाली मूळ रंग होता, म्हणून तो काढता तरी आला. तबकडीवर पुसलेली रेघ मात्र तबकडीतून परत मिळत नाही. त्यासाठी पुन्हा मूळ फिल्मकडेच जावं लागतं.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर एक धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७२ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करून घेणारे जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. त्याच शाळेत त्यांचे सहकारी होते जॉन लॉकवुड किपलिंग. त्यांचा मुलगा रुडयार्ड १८६५ साली मुंबईतच जन्मला आणि पुढे त्यानं ‘जंगल बुक’ लिहिलं. त्यावर जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९मध्ये ५२ भागांची मालिका काढली. १९९३ साली ती हिंदी होऊन दूरदर्शनवर आली आणि रविवारची सकाळ तिची झाली. शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानाचा आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा.

संचाची पारख करताना मी चित्राइतकाच आवाजही तपासतो, तो यासाठी. ड्रॅगन बॉलच्या नारिंगी संचांत जपानी आवाज आहे, इंग्रजी आहे, इंग्रजीबरोबर हवं ते संगीत निवडायचीही सोय आहे : शुन्सुके किकुची यांचं मूळ जपानी किंवा अमेरिकेत नव्यानं बसवलेलं. (हेच किकुची डोरेमॉनचे संगीतकार, त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी.) हिंदी मात्र नाही. आपल्याकडच्या मुलांनी कार्टून नेटवर्कवर या मालिकेचा नायक, गोकू, जो हिंदीतून ऐकला, तो त्या खोक्यांत सापडत नाही. ‘जंगल बुक’चा कितीही देखणा संच उद्या आला आणि त्यात नानांचा शेरखान नसला, तर मी तो अपुराच मानेन.

असे आवाज कधी कधी प्रेक्षकच वाचवतात. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या साठच्या दशकातल्या अनेक टेपा पुसून टाकल्या. हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण लोकांनी घरोघरी टेपरेकॉर्डरवर तो उतरवून घेतला होता. पुढे त्याच आवाजावर नवं अ‍ॅनिमेशन बेतून काही भाग डीव्हीडीवर आणले गेले.

म्हणून विनंती. सिल्लोड, भराडी, शिवना, अंधारी, कुठेही कुणाच्या माळ्यावर ‘जंगल बुक’च्या वर्षांत दूरदर्शनवरून उतरवलेल्या व्हीएचएस कॅसेटी असतील, तर भंगारात देऊ नका. कोरड्या जागी, उभ्या आणि स्पीकरपासून लांब ठेवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप तुटेल आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटीला लागेल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. वरची चिठ्ठी, तारीख असेल तर, तशीच राहू द्या. आणि मधल्या जाहिराती कापू नका. भाग कधी दाखवला गेला, हे पुष्कळदा त्यांच्यावरूनच ठरवता येतं.