डोक्यावरचे खवले आणि गोव्याची पावडर

विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरासाठी अर्जुनी मोरगावला गेले होते. चहाच्या सुट्टीत एक शिक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, विषय विज्ञानाचा आहे की नाही ठाऊक नाही, पण विचारते. माझ्या वर्गात सातवीतली एक मुलगी आहे. तिच्या डोक्यात पांढऱ्या पापुद्र्यांचे थर बसतात. कोणी कोंडा म्हणते, कोणी नायटा म्हणते. गावातल्या एका म्हाताऱ्याने तर महारोग म्हणून टाकले. आता इतर पालक सांगतात, तिला वेगळे बसवा. ती उन्हाळ्यातही डोक्यावरचा दुपट्टा काढत नाही. मी काय करू?"

डॉक्टरांनी त्या मुलीला सोरायसिस झाल्याचे सांगितले होते. पण हा शब्द गावात कोणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे त्याचा उपयोगही झाला नव्हता. शिक्षिकेला त्या वेळी मी पाच मिनिटांत जमेल तेवढे सांगितले. तेच येथे जरा सविस्तर सांगते.

सर्वांत आधी एक गोष्ट. सोरायसिस संसर्गजन्य नाही. तो जंतूंचा किंवा बुरशीचा रोग नव्हे. एकाच बाकावर बसल्याने, एकच कंगवा किंवा टॉवेल वापरल्याने, झडलेले पापुद्रे अंगावर पडल्याने तो दुसऱ्याला होत नाही. मुलीला वेगळे बसवण्याला कोणतेही वैद्यकीय कारण नाही. (उवांसाठी कंगवा वेगळा ठेवावा, हे खरे, पण तो प्रश्न वेगळा.)

मग डोक्यावर होते तरी काय? आपल्या बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशी सतत विभाजित होत असतात. नव्याने तयार झालेली पेशी हळूहळू वर सरकते. वाटेत तिच्यात केराटिन साठते, तिचे केंद्रक नाहीसे होते, ती चपटी होते आणि शेवटी पृष्ठभागावरून गळून पडते. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. आपण रोज असंख्य मृत पेशी टाकत असतो, पण त्या सुट्या आणि अतिसूक्ष्म असल्याने आपल्याला दिसत नाहीत. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकला जातो. एवढ्या घाईत पेशी पक्व होणार कशी? गोंदियाच्या शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. दाणा दुधात असतानाच धान कापला तर जे हाती येईल, तसे हे असते. पृष्ठभागावर आलेल्या पेशींत केंद्रक अजून शिल्लक असते, त्या एकमेकींपासून नीट सुटत नाहीत आणि थरावर थर साचत जातात.

हे थर चांदीसारखे चमकतात. त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे आणि ते वर्गात दाखवता येते. साधा पांढरा कागद उजेडासमोर धरा. त्यातील धाग्यांच्या फटींत हवा असते. धागा आणि हवा यांचे अपवर्तनांक वेगळे असल्याने प्रकाश प्रत्येक सीमेवर विखुरतो आणि कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. आता त्यावर खोबरेल तेलाचा थेंब टाका. फटींतील हवेची जागा तेल घेते. तेलाचा अपवर्तनांक धाग्याच्या जवळपास असल्याने विखुरणे कमी होते आणि तो डाग अर्धपारदर्शक होतो. सोरायसिसच्या पापुद्र्यांमध्येही अशीच हवा अडकलेली असते. तेल लावल्यावर पांढरेपणा पटकन कमी होतो तो यामुळे. रोग बरा झाला असे अनेकांना वाटते, पण झालेले असते ते एवढेच. प्रयोग कागदावरच करावा, कोणा विद्यार्थ्याच्या डोक्यावर नव्हे, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

ती मुलगी बारीक दातांच्या फणीने पापुद्रे खरवडून काढत असे आणि मग रक्ताचे ठिपके दिसत. त्यामागेही कारण आहे. चट्ट्याखालच्या अंतस्त्वचेतील केशवाहिन्या रुंदावून वर आलेल्या असतात आणि त्यांच्यावरचे बाह्यत्वचेचे आवरण ठिकठिकाणी अगदी पातळ झालेले असते. वरचा थर ओढून काढला की केशवाहिनीचे टोक उघडे पडते. शिवाय खरवडण्याने आजार वाढतो. सोरायसिस असलेल्या माणसाच्या निरोगी कातडीला इजा झाली तर तेथेच नवा चट्टा उठू शकतो, ही गोष्ट ब्रेस्लाऊच्या हाइनरिश कोब्नर या डॉक्टरांनी १८७० च्या दशकात दाखवली आणि तिला आजही त्यांचेच नाव आहे. खाजवणे, ओरबाडणे, घट्ट वेणी, डोक्यावरची मोळी आणि तिच्याखालची चुंबळ, हे सारे यात येते. सरपणाची मोळी वाहणाऱ्या बाईला 'डोक्याला घर्षण होऊ देऊ नका' असे सांगणे सोपे आहे. चुंबळ मऊ कापडाची करा, शक्य तेव्हा ओझे खांद्यावर घ्या, एवढेच खरे तर सांगता येते.

पेशींना एवढी घाई कशाने होते? याचे उत्तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे. दोष मुळात त्वचेच्या पेशींत एकट्या नाही, तर प्रतिकारसंस्थेच्या वागण्यात आहे. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी, कोणताही शत्रू नसताना, त्वचेत जमतात आणि इंटरल्युकिन-१७, टीएनएफ अशी रासायनिक निरोप देणारी प्रथिने सोडतात. त्वचेच्या पेशींना जणू जखम भरून काढण्याचा हुकूम मिळतो आणि जखम नसल्यामुळे हुकूम थांबत नाही. या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा असतो; तरीही आईवडिलांपैकी एकाला सोरायसिस असला तर बहुतेक मुलांना तो होत नाही. प्रवृत्ती असलेल्यांत निमित्त मिळाले की तो उफाळतो. लहान मुलांत असे एक निमित्त म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे होणारा घशाचा संसर्ग. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे छोटे चट्टे उठले, तर हा संबंध डॉक्टरांच्या कानावर घालावा. कोरडी थंडी, मानसिक ताण, दारू आणि तंबाखू ही इतर निमित्ते. आपल्या जिल्ह्यात आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिवतापावरचे क्लोरोक्विन काही रुग्णांत सोरायसिस वाढवते. म्हणून हिवतापाचा उपचार टाळायचा नाही. गोळ्या देणाऱ्याला आपला आजार आधी सांगायचा.

आता ओळखण्याविषयी. साधा कोंडा पिवळसर, तेलकट, बारीक असतो आणि केसांच्या हद्दीतच राहतो. सोरायसिसचा चट्टा जाड, कोरडा, लालसर पायावर चंदेरी असतो आणि कपाळावर, कानामागे, मानेवर केसांची रेषा ओलांडून येतो. डोक्यावरच्या नायट्यात, म्हणजे बुरशीच्या रोगात, केस मुळाजवळ तुटून टकलाचे ठिगळ दिसते. तो मात्र संसर्गजन्य असतो. शंका असेल तर नखे पाहा. सोरायसिसमध्ये नखांवर बऱ्याचदा अंगुस्तान्यासारखे बारीक खड्डे असतात. अर्थात शिक्षकाने निदान करायचे नाही. डॉक्टरकडे पाठवण्याइतपत लक्षात आले की पुरे.

कुष्ठरोगाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी, कारण पूर्व विदर्भात तो अजूनही आढळतो आणि त्याच्या शोधमोहिमा घरोघर फिरतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श किंवा टोचणी कळत नाही. सोरायसिसचा चट्टा तर खाजतो. घोटाळ्यात भाषेचाही हात आहे. आयुर्वेदात 'कुष्ठ' हा शब्द अठरा प्रकारच्या त्वचाविकारांना मिळून वापरला आहे. त्यांतील माशाच्या खवल्यांसारखे दिसणारे 'एककुष्ठ' आजच्या सोरायसिसशी बरेच जुळते. पुढे मराठीत कुष्ठरोग हा शब्द एकाच रोगाला उरला आणि जुना सामायिक अर्थ भीतीसह मागे राहिला. युरोपातही हेच झाले होते. सोरायसिसचे कितीतरी रुग्ण तेथे शतकानुशतके महारोगी म्हणून गावाबाहेर काढले गेले असावेत. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन आजार निर्विवादपणे वेगळे केले. कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा त्या रुग्णालाही वेगळे बसवण्याचे कारण नाही, हे जाता जाता.

उपचारांचा इतिहास आपल्या किनाऱ्यावरून जातो. एकोणिसाव्या शतकात गोव्यात आणि मुंबईत गजकर्णावर एक पिवळट-तपकिरी भुकटी विकली जात असे. तिला 'गोवा पावडर' म्हणत. ती कशापासून करतात हे विकणारे सांगत नसत. मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ साली तिच्याविषयी लिहिले आणि इंग्लंडमध्ये कुतूहल निर्माण झाले. पुढे ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी उलगडा केला की ही भुकटी गोव्याची नाहीच. ब्राझीलच्या जंगलातील अराारोबा या झाडाच्या खोडातील फटींत ती साचते आणि पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला येते. गोव्याने फक्त नाव दिले!

लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बामॅनो स्क्वायर यांनी १८७६ साली या भुकटीचा सोरायसिसवर गुण येतो असे प्रसिद्ध केले. त्याचा माग लागला तो एका चुकीतून. एका रुग्णाने आपला सोरायसिस गजकर्ण समजून गोवा पावडर लावली आणि चट्टे नाहीसे झाले. निदान चुकले, औषध लागू पडले. मग भुकटीतील क्रायसारोबिन हे द्रव्य युरोपभर वापरात आले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्याशी मिळतेजुळते द्रव्य प्रयोगशाळेत बनवले. गालेव्स्की आणि उना या डॉक्टरांनी १९१६ साली त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. हेच डिथ्रॅनॉल. ते आजही औषध म्हणून ओळखले जाते. कातडीला झोंबते आणि कपड्यांना न निघणारे जांभळट-तपकिरी डाग पाडते, म्हणून मागे पडले आहे.

दुसरी वाट आपल्या रानातल्या बावचीची. हिच्या बियांतून जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव यांनी १९३३ साली सोरालेन हे द्रव्य वेगळे केले. सोरालेन पेशीच्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरते आणि अतिनील किरण पडताच त्यांना एकमेकांशी बांधून टाकते. मग पेशीला विभाजित होता येत नाही. सोरालेन आणि अतिनील-अ किरण यांची सोरायसिसवरील उपचारपद्धती १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. परंतु बावचीचा लेप लावून गोंदियाच्या उन्हात बसू नये. किरणांची मात्रा मोजलेली नसेल तर अक्षरशः भाजून फोड येतात. आणि डोक्याच्या बाबतीत केस हीच छत्री होते. किरण कातडीपर्यंत पोचतच नाहीत.

डोक्यावरचा उपचार म्हणूनच वेगळा आणि काहीसा चिकाटीचा असतो. आधी थर मऊ करून काढायचे, मग खालच्या दाहावर औषध लावायचे. थर तसेच ठेवून लावलेले औषध पापुद्र्यांवरच राहते, आणि 'गुण येत नाही' या तक्रारींतील कितीतरी तक्रारींचे मूळ येथे असते. रात्री कोमट खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी दिलेले सॅलिसिलिक आम्लाचे मिश्रण लावावे. सकाळी थर बोटांनी हळुवार सोडवावेत, नखांनी नव्हे. मग कोलटारचा शांपू लावून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि धुवावा. त्यानंतर केसांची भांग पाडत पाडत कातडीवर स्टिरॉइडचे द्रावण. रोज, दोन ते चार आठवडे, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे कमी करत. काहींना ड जीवनसत्त्वापासून बनवलेले कॅल्सिपोट्रिऑल देतात. लहान मुलांत सॅलिसिलिक आम्ल आणि स्टिरॉइड दोन्ही जपून, कारण ती कातडीतून रक्तात शोषली जातात.

खरा धोका दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांचा आहे. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे गजकर्णासाठी सर्रास विकली जातात. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते. आजार सोरायसिसचा असो की बुरशीचा, तो ओळखू येईनासा होतो, आणि बुरशीचा असेल तर पसरतो. याहून वाईट म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आणि काय मिसळले आहे हे न सांगता दिलेल्या पुड्या. त्या अचानक बंद केल्या की सोरायसिस पूर्वीपेक्षा भयंकर रूपात, अंगभर पू भरलेल्या फोडांसह परतू शकतो. असा रुग्ण थेट रुग्णालयातच न्यावा लागतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केशोरी किंवा देवरीकडून तेथे यायचे तर दिवसाची मजुरी बुडते हे खरे, पण पुड्यांचा हिशेब केला तर ते स्वस्त पडते.

आजार मोठा असेल किंवा सांधे धरत असतील (सकाळी उठल्यावर बोटे, टाच, कंबर ताठरलेली असणे ही खूण) तर पोटातून औषध लागते. मेथोट्रेक्सेट हे त्यांतले जुने आणि स्वस्त. त्याच्या जातकुळीतले आधीचे औषध अमिनोप्टेरिन लेडर्ले प्रयोगशाळेत भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तयार केले होते आणि १९५१ साली गुबनर यांना त्याने सोरायसिसचे चट्टे जाताना दिसले. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. घरात कोणी ते घेत असेल तर वार ठरवून कॅलेंडरवर खूण करणे, हे काम शाळकरी मूलही नीट करू शकते. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही. इंटरल्युकिन आणि टीएनएफ यांना नेमके अडवणारी नवी जैविक औषधे प्रभावी आहेत, परंतु महाग. ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावी लागते.

कायमचा बरा होणारा हा आजार नाही. तो महिनोन्महिने दबून राहतो आणि पुन्हा येतो, आणि हे सुरुवातीलाच सांगितले तर घरचे लोक दर वेळी नवा वैद्य शोधत फिरत नाहीत.

त्या मुलीच्या आईचा एक प्रश्न शिक्षिकेने निघता निघता विचारला होता: मुंडन केले तर जाईल का? जाणार नाही. उलट वस्तऱ्याच्या बारीक जखमांवर नवे चट्टे उठू शकतात. केस थोडे आखूड ठेवले तर औषध लावायला सोपे जाते, एवढाच फायदा. सोरायसिसमुळे गळलेले केस बहुधा पुन्हा येतात, कारण केसांची मुळे सहसा शाबूत असतात. मुलीला वेणी ठेवायची असेल तर ठेवू द्यावी, फक्त सैल.