एका खांबाचे दोन पत्ते

अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे या दोन स्टेशनांच्या मधून ७८ अंश पूर्व रेखावृत्त जातं. रुळांवर त्याची खूण नाही की पाटी नाही. रेल्वेचं किंवा रस्त्याचं ड्रॉइंग संगणकावर करणाऱ्यांना मात्र ही रेघ विसरून चालत नाही. तिच्यावर उभ्या असलेल्या विजेच्या खांबाचा ‘एक्स’ विचारला, तर एक सर्वेअर सांगेल सुमारे ८ लाख १२ हजार मीटर, दुसरा सांगेल १ लाख ८८ हजार. आणि दोघंही बरोबर असतील.

या कोड्याचं मूळ कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, स्वभावात आहे. १९८२ साली आलेलं ऑटोकॅड घ्या किंवा त्यानंतरचं दुसरं कुठलं, त्याचा कागद सपाट आणि अमर्याद असतो. एक शून्यबिंदू, आडवा एक्स, उभा वाय. पृथ्वी गोल असल्याची त्याला खबर नसते, आणि बंगल्याचा प्लॅन काढताना ती लागतही नाही. डीजीपीएसने मोजून आणलेले बिंदू त्या कागदावर उतरवायचे झाले, की प्रश्न सुरू होतात.

पहिला मोह अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरण्याचा. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो. ड्रॉइंगमध्ये एक्स म्हणजे पूर्व-पश्चिम, त्यामुळे तिथे रेखांश आधी येतो. ही अदलाबदल झाली, तर १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व असं पुणे नॉर्वेच्या बेअर बेटाच्या दक्षिणेला थेट समुद्रात जाऊन पडतं. क्रम बरोबर ठेवला तरी सुटका नाही. पुण्याजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, तर रेखांशाचा १०५.६ किलोमीटरचा. दोन्ही सारखेच धरले, की चौरस प्लॉट पूर्व-पश्चिम जवळपास पाच टक्के ताणला जातो.

म्हणून अंशांचे मीटर करून देणारं प्रक्षेपण लागतं. त्याचा पाया जर्मन भाषेत लिहिणारे गणिती योहान हाइनरिश लॅम्बर्ट यांनी १७७२ मध्ये घातला. पुढे गाउस आणि क्र्युगर यांनी ते गणित पक्कं केलं. आज सर्रास वापरात असलेल्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीच्या संत्र्यासारख्या ६० उभ्या फोडी केल्या जातात, प्रत्येकी सहा अंशांची. फोडीच्या मध्यरेषेला एक्स ५ लाख मीटर दिला जातो, म्हणजे पश्चिमेकडचे आकडे उणे होत नाहीत. मुंबई, पुणे, नाशिक, अमरावती झोन ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर झोन ४४ मध्ये. शिवण नेमकी ७८ अंशांवर. आपला खांब ४३ च्या मध्यरेषेपासून ३१२ किलोमीटर पूर्वेला आहे आणि ४४ च्या मध्यरेषेपासून तितकाच पश्चिमेला. पाच लाखांत तेवढे मिळवा किंवा वजा करा, दोन्ही पत्ते हाती येतात.

आता बडनेऱ्याहून वर्ध्याकडे रुळांची मोजणी चालली आहे आणि यंत्राने शिवण ओलांडताच आपणहून झोन बदलला, अशी कल्पना करा. ड्रॉइंगमधला रूळ चांदूरच्या पुढे एकदम ६२४ किलोमीटर मागे उडी मारतो आणि खंभातच्या आखाताच्या तोंडाशी समुद्रात उतरतो. त्यामुळे शिवणीवरच्या कामात एकच झोन शेवटपर्यंत ताणतात किंवा त्या प्रकल्पापुरतं वेगळं प्रक्षेपण ठरवतात.

झोन बरोबर असला तरी मीटर जमिनीवरचाच असेल असं नाही. चूक संपूर्ण फोडीत विभागली जावी म्हणून यूटीएममध्ये मध्यरेषेवरचं अंतर मुद्दाम ०.९९९६ पट धरतात; तिच्यापासून दूर जावं तसं हे प्रमाण वाढत जातं. परिणामी समुद्रसपाटीला पुण्यातला एक किलोमीटर ड्रॉइंगमध्ये सुमारे २२ सेंटिमीटरने कमी भरतो आणि मुंबईतला जवळपास तेवढाच जास्त. पुण्याची ५६० मीटर उंची धरली, तर तिथली तूट ३० सेंटिमीटरच्या घरात जाते. बंगल्याला हे चालतं, पुलाच्या गर्डरला चालत नाही.

मोबाइलवरच्या नकाशांचं प्रक्षेपण, वेब मर्केटर, याहून फसवं. ते पडद्यासाठी आहे, मोजणीसाठी नाही. त्यातल्या मीटरवर थेट क्षेत्रफळ काढलं, तर पुण्याजवळचं ४० गुंठ्यांचं शेत ४४ गुंठ्यांहून जास्त भरेल. सातबारा आणि ड्रॉइंग यांच्यातलं भांडण अशानेही लागू शकतं.

जुन्या नकाशांची गोष्ट निराळी. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या लंबगोलावर आधारलेले होते; जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या लंबगोलावर चालतं. २००५ च्या नकाशा धोरणानंतर जनतेसाठीचे नकाशे याच डब्ल्यूजीएस ८४ वर आले. एव्हरेस्टवरचे अक्षांश-रेखांश नव्या ड्रॉइंगमध्ये न बदलता टाकले, तर महाराष्ट्रात जागा शे-दीडशे मीटरने सरकते.

शेवटची अडचण संगणकाची स्वतःची. फाइलमध्ये आकडे पंधरा-सोळा अंकांपर्यंत अचूक राहतात, पण पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा बऱ्याचदा सातेक अंकांवर भागवते. पुण्याचा वाय साडेवीस लाख मीटरच्या आसपास आहे. एवढ्या आकड्यापाशी सात अंकांच्या हिशेबातली सर्वांत लहान पायरी साडेबारा सेंटिमीटरची होते. मग वर्तुळं कोनदार दिसतात, अक्षरं थरथरतात, हॅच भरत नाही. इमारतींसाठीच्या रेव्हिट सॉफ्टवेअरमध्ये तर मूळ बिंदूपासून साधारण १६ किलोमीटरपलीकडे काम करू नये असंच सांगितलेलं असतं. उपाय साधा आहे: इमारत शून्याजवळ काढायची आणि खरी जागा दाखवणारा सर्वे बिंदू वेगळा नोंदवायचा.

म्हणून सर्वेअरकडून फाइल घेताना आकड्यांआधी चार गोष्टी विचाराव्यात: डेटम (म्हणजे आधाराचा लंबगोल) कोणता, झोन कोणता, एकक मीटर की मिलिमीटर, आणि शून्यबिंदू सरकवला असेल तर किती. ‘डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर, मीटर, सरकवलेलं नाही’ एवढी ओळ ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मावते. ती नसेल, तर ड्रॉइंग कितीही सुबक असलं तरी जमिनीवर ते कुठे बसतं, याचा पुढच्या माणसाला अंदाजच बांधावा लागतो.